रस्त्यातील खड्डा, मोटारीची हानी आणि भरपाईचा अधिकार

रस्त्यातील खड्ड्यात चाक आदळून मोटारीचे नुकसान झाले, तर ते कोणी सोसावयाचे, हा प्रश्न प्रथमदर्शनी विधिशास्त्राच्या अभ्यासकाने हाती घ्यावा इतका मोठा वाटत नाही. मालक दैवाला बोल लावतो, गॅरेजचे बिल चुकते करतो आणि प्रकरण मिटते. तथापि सार्वजनिक संस्थेने आपले कर्तव्य बजावले नाही तर त्याचा आर्थिक भार नागरिकाने का म्हणून वाहावा, हा अपकृत्य विधीतील मूलभूत प्रश्न याच क्षुल्लक भासणाऱ्या प्रकरणात सर्वाधिक उघड्या स्वरूपात सापडतो. येथे द्वेष नाही, कपट नाही. आहे ती केवळ हयगय. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्ड्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या व इजांच्या भरपाईविषयी जो आदेश दिला, त्याने या विषयाला नवे महत्त्व आले आहे. त्या आदेशाने देहाला झालेल्या हानीची वाट मोकळी केली. वाहनाला झालेली हानी मात्र होती तेथेच राहिली. ती तेथे का राहिली आणि तिच्या भरपाईसाठी आज कोणते मार्ग उपलब्ध आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या शाखेचा उगमच मुळी एका मोडलेल्या वाहनापाशी आहे. इंग्लंडमध्ये १७८८ साली ‘रसेल विरुद्ध मेन ऑफ डेव्हन’ या खटल्यात नादुरुस्त पुलामुळे वादीच्या मालवाहू गाडीची नासधूस झाली होती. पूल दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी त्या परगण्याच्या रहिवाशांवर होती, म्हणून वादीने सर्व रहिवाशांवरच दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला. परगण्याचे रहिवासी ही कायद्याच्या दृष्टीने संस्था नव्हे, त्यांचा सामाईक निधी नाही, आणि असा दावा एकदा मान्य केला तर दाव्यांना अंत उरणार नाही, ही त्यामागील प्रमुख कारणे. यातले पहिले व दुसरे कारण त्या काळापुरते खरे होते. पुढे रस्ते सांभाळणाऱ्या नगरपालिका निर्माण झाल्या, त्यांना कायदेशीर व्यक्तित्व मिळाले, करांतून उत्पन्न येऊ लागले; म्हणजे नियमाचे कारण संपले. नियम मात्र शिल्लक राहिला आणि अधिक कडक झाला. न्यायालयांनी कृत्याचे दोन वर्ग पाडले. केलेले काम वाईट रीतीने करणे हे अपकरण. करावयास हवे ते मुळीच न करणे हे अकरण. रस्ता खणून तो उघडा टाकला तर पालिका उत्तरदायी; पण रस्ता आपोआप झिजून खड्डा पडला आणि पालिका स्वस्थ बसली, तर उत्तरदायी नाही. आळसाला संरक्षण आणि उद्योगाला शिक्षा असा हा विचित्र न्याय होता, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

हा न्याय समुद्र ओलांडून वसाहतींतही गेला. १८९५ साली सिडनी नगरपालिकेविरुद्धच्या ‘बर्क’ प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की, रस्ते दुरुस्त ठेवण्याचा अधिकार कायद्याने पालिकेला दिला म्हणून केवळ अकरणाबद्दल तिच्यावर व्यक्तीला दावा लावता येत नाही. विधिमंडळाचा तसा हेतू कायद्यात दिसला पाहिजे. भारतातील अपिलेही त्या काळी प्रिव्ही कौन्सिलपुढेच जात, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे आपल्याशी असलेले नाते वेगळे सांगावयास नको.

इंग्लंडने हा नियम अखेर विधिमंडळाच्या मार्गाने मोडला. १९६१ च्या कायद्याने अकरणाचे संरक्षण रद्द झाले आणि ती तरतूद ऑगस्ट १९६४ पासून अमलात आली. आज ती १९८० च्या महामार्ग अधिनियमात आहे: कलम ४१ देखभालीचे कर्तव्य सांगते आणि कलम ५८ बचाव देते. या दोन कलमांची जोडी अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखी आहे. वादीने इतकेच सिद्ध करावयाचे की, रस्ता वाहतुकीस धोकादायक होता, तो देखभालीच्या अभावी तसा झाला आणि त्यामुळे आपले नुकसान झाले. त्यानंतर पुराव्याचा भार फिरतो. रस्ता धोकादायक राहू नये म्हणून परिस्थितीनुसार वाजवी ती सर्व काळजी आपण घेतली होती, हे प्राधिकरणाने सिद्ध करावयाचे. ते पाहताना रस्त्याचे स्वरूप, त्यावरील अपेक्षित वाहतूक, तिला साजेसा देखभालीचा दर्जा, आणि प्राधिकरणास तो दोष ठाऊक होता किंवा ठाऊक असावयास हवा होता काय, या गोष्टी न्यायालय विचारात घेते.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. खड्डा किती खोल होता, या प्रश्नाला वाटते तितके महत्त्व नाही. मोटार चालणाऱ्या भागात ४० मिलिमीटर खोली झाली की दुरुस्ती करावी, असा संकेत इंग्लंडमधील अनेक स्थानिक संस्थांत आढळतो. परंतु तो प्रशासकीय संकेत आहे, विधीचा नियम नव्हे. १९९२ च्या ‘मिल्स विरुद्ध बार्न्सली’ या खटल्यात पदपथावरील सुमारे सव्वा इंच खोल उणिवेत टाच अडकून पडलेल्या स्त्रीला भरपाई नाकारताना अपील न्यायालयाने इंचांवर न्याय तोलण्याची पद्धत स्पष्टपणे नापसंत केली. दाव्याचा खरा निकाल लागतो तो प्राधिकरणाच्या तपासणी-नोंदवहीत. रस्ता किती दिवसांनी पाहिला जात होता? मागील तपासणीत हा खड्डा दिसला होता काय? कोणी तक्रार केली होती काय, आणि केली असल्यास किती दिवस ती पडून होती? नोंदवही नीट असेल तर मोठ्या खड्ड्याच्या दाव्यातही प्राधिकरण सुटते. ती विस्कळीत असेल तर लहान खड्डाही त्याला महागात पडतो.

‘पैसा नव्हता’ हे उत्तर या बचावात चालत नाही, हे २०११ सालच्या ‘विल्किन्सन विरुद्ध सिटी ऑफ यॉर्क’ या निर्णयाने पक्के झाले. ज्या रस्त्यावर एक सायकलस्वार खड्ड्यामुळे पडली, त्याची तपासणी पालिका वर्षातून एकदा करीत असे; राष्ट्रीय आचारसंहितेप्रमाणे ती अधिक वेळा व्हावयास हवी होती. अपुऱ्या साधनसामग्रीमुळे तपासणी विरळ ठेवली, हा युक्तिवाद कलम ५८ खाली ग्राह्य नाही, असे अपील न्यायालयाने ठरविले. १७८८ साली निधीचा अभाव हेच दावा फेटाळण्याचे एक कारण होते. सव्वादोनशे वर्षांनी त्याच कारणाला न्यायालयाने दार बंद केले.

आपल्याकडे असा कायदा झालेला नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य आहे. इतर महानगरपालिकांच्या अधिनियमातही तशी तरतूद आहे. पण कर्तव्य सांगणे निराळे आणि त्याच्या भंगाबद्दल व्यक्तीला भरपाई मागण्याचा हक्क देणे निराळे. त्यामुळे प्रश्न सामान्य अपकृत्य विधीकडे जातो, आणि तेथे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय परस्परविरुद्ध दिशांना बोट दाखवितात. १९६६ सालच्या ‘दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभागवंती’ या प्रकरणात चांदणी चौकातील जुना घड्याळ-मनोरा कोसळून माणसे दगावली होती. रस्त्यालगतच्या इमारतीच्या मालकावर विशेष जबाबदारी असते, दोष उघड असो वा छुपा असो, तो टळत नाही, असे सांगून न्यायालयाने पालिकेस उत्तरदायी धरले. उलट १९९७ सालच्या ‘राजकोट महानगरपालिका विरुद्ध मंजुलाबेन नकुम’ या प्रकरणात रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून कामावर निघालेला एक पादचारी मृत्युमुखी पडला. तेथे पालिकेचे वैधानिक कर्तव्य असले तरी त्यातून वैयक्तिक भरपाईचा अधिकार निघत नाही, असा निर्णय झाला. अशा उत्तरदायित्वाने सार्वजनिक संस्थांवर पडणाऱ्या आर्थिक भाराची चिंता त्या निकालात दिसते.

खड्डा या दोहोंपैकी कोणाला जवळचा? आमच्या मते मनोऱ्याला. झाड निसर्गतः वाढते, त्याचे आतून पोखरणे बाहेरून दिसत नाही. रस्ता ही पालिकेने बांधलेली, तिच्याच मालकीची व ताब्यातली वस्तू आहे, आणि खड्डा हा सर्वांना दिसणारा दोष आहे. शिवाय तो अवचित पडत नाही. डांबराच्या थराला तडा जातो, त्यातून पाणी खालच्या खडीच्या थरात शिरते, तो थर भुसभुशीत होतो आणि जाणाऱ्या प्रत्येक चाकागणिक पाणी व बारीक माती वर उपसली जाते. आधार गेला की डांबर खचते. इंग्लंडात हे काम हिवाळ्यात गोठणारे व वितळणारे पाणी करते, आपल्याकडे पाऊस. पावसाळा दरवर्षी ठरल्या वेळी येतो. ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणण्याची सोय महाराष्ट्रातील कोणत्याही रस्ते-संस्थेला असू नये.

अपकृत्य विधीची ही संदिग्धता ओलांडण्यासाठी उच्च न्यायालयाने दुसराच मार्ग धरला, तो संविधानाचा. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१३ साली मुंबईच्या रस्त्यांच्या दुरवस्थेविषयी लिहिलेल्या पत्रावरून न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. सुस्थितीतील रस्ता हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, ही भूमिका २०१५ साली या याचिकेत घेण्यात आली. आणि २०२५ च्या आदेशाने त्या हक्काला रक्कम जोडली गेली: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, इजा झाल्यास तिच्या गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये. दावा तपासण्यासाठी समित्या नेमाव्यात, भरपाई ६ ते ८ आठवड्यांत द्यावी, खड्डा निदर्शनास आल्यावर ४८ तासांत त्याची दखल घ्यावी आणि दिलेली रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदार यांच्याकडून वसूल करावी, असेही न्यायालयाने सांगितले.

या मार्गाचे सामर्थ्य व त्याची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. ‘रुदुल साह’ या १९८३ च्या आणि ‘नीलाबती बेहेरा’ या १९९३ च्या निर्णयांपासून चालत आलेली सार्वजनिक विधीतील भरपाई ही मूलभूत हक्काच्या भंगाची भरपाई आहे. वाकलेली रिम हा जीविताच्या हक्काचा भंग नव्हे. मालमत्तेविषयीचा अनुच्छेद ३००-अ आहे खरा. पण तो राज्याने कायद्याच्या आधारावाचून मालमत्ता हिरावून घेण्याविरुद्ध आहे, राज्याच्या दुर्लक्षाने ती मोडण्याविरुद्ध नाही. म्हणून समितीपुढे केवळ मोटारीच्या हानीचा अर्ज घेऊन जाणाऱ्यास तेथे बसावयास जागा नाही.

मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली घातलेले कलम १९८-अ पाहून काहींची येथे फसगत होते. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यास प्राधिकरण, कंत्राटदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. परंतु त्यासाठी मृत्यू वा अपंगत्व घडले पाहिजे, आणि दंडाची रक्कमही पीडिताला न मिळता वैधानिक निधीत जमा होते.

तेव्हा वाहनमालकापुढे उरतो तो दिवाणी दावा. तो अशक्य नाही, मात्र त्याच्या पायऱ्या निसरड्या आहेत. पहिली पायरी रस्ता कोणाचा हे ठरविण्याची. एकाच शहरात एक रस्ता महानगरपालिकेचा, दुसरा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, तिसरा विकास प्राधिकरणाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असू शकतो. चुकीच्या संस्थेला दिलेली नोटीस वाया जाते. दुसरी पायरी मुदतीची, आणि बहुतेकांचा पाय येथेच घसरतो. अपकृत्याच्या दाव्याला तीन वर्षे मिळतात असा सर्वसाधारण समज आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५२७ प्रमाणे मात्र आधी लेखी नोटीस देऊन एक महिना थांबावे लागते आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. इतर महानगरपालिकांच्या अधिनियमातील कलम ४८७ याच धर्तीचे आहे. रस्ता शासनाच्या विभागाचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. पण कर हा सेवेचा मोबदला नव्हे, म्हणून साध्या शहरी रस्त्याच्या बाबतीत ते दार सहसा उघडत नाही. पथकर भरून वापरलेल्या रस्त्याची गोष्ट वेगळी. तेथे पैसे सेवेसाठीच घेतलेले असतात आणि ग्राहकाचा युक्तिवाद बराच सबळ होतो.

पुराव्याच्या बाबतीत इंग्लंडचा अनुभव आपल्याला तसाच्या तसा उपयोगी पडतो. खड्ड्याची छायाचित्रे लगेच घ्यावीत, त्यांत खोली कळेल असे एखादे माप आणि जागा ओळखू येईल अशी खूण असावी. पावसाळ्यात खड्डा बुजविला जाण्यास किंवा मोठा होण्यास चार दिवसही पुरतात. डबके साचलेले असेल तर तेही टिपावे, कारण पाण्याखालचा खड्डा सावध चालकालाही दिसत नाही आणि ‘तुम्ही पाहून का चालविले नाही’ या आक्षेपाला ते उत्तर असते. नुकसानाचे स्वरूपही बोलके असते. टायरच्या बाजूच्या भिंतीवर आलेला फुगा, त्याच चाकाच्या रिमच्या कडेचा पोचा आणि त्याच बाजूचा वाकलेला लोअर आर्म ही तिन्ही एकत्र सापडली, तर ती एकाच आघाताची खूण मानण्यास हरकत नाही. इंजिनखालचे तेलाचे भांडे, ज्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात, ते फुटले असेल तर गाडी तशीच पुढे रेटू नये. तेल संपून इंजिन बिघडले तर ते नुकसान चालकाच्या पदरी टाकले जाते. बदललेले सुटे भाग गॅरेजमध्ये सोडून येऊ नयेत, आणि बिलाबरोबर हानीच्या कारणाविषयी मेकॅनिकचा लेखी अभिप्राय घ्यावा.

परंतु छायाचित्रे खड्डा सिद्ध करतील, हयगय नव्हे. ती सिद्ध करण्यासाठी आपल्या नागरिकाच्या हाती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. दहा रुपये शुल्क भरून त्याने विचारावे की, अमुक रस्त्याच्या अमुक भागाविषयी मागील सहा महिन्यांत कोणत्या तक्रारी आल्या, त्यांवर कोणत्या तारखेस काय केले, रस्ता शेवटचा कधी बांधला, कंत्राटातील दोषदायित्वाचा कालावधी कधी संपतो. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. सहा महिन्यांच्या कालमर्यादेत ती बसावी म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात केलेला बरा. अपघातापूर्वी दोन आठवडे कोणीतरी नोंदविलेली एक तक्रार ही मालकाने काढलेल्या वीस छायाचित्रांपेक्षा मोलाची असते. आणि अशी नोंदच ठेवली जात नाही असे उत्तर आले, तर तोही पुरावाच होय.

एवढे करूनही रक्कम लहान असते, आणि म्हणून व्यवहारात मालक विम्याकडे वळतो. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहणे उद्बोधक आहे. समजा, मोटारीला तीन वर्षे होऊन गेली आहेत आणि खर्च असा आला: टायर ८,००० रुपये, रिम १२,०००, लोअर आर्म ४,०००, मजुरी व अलाइनमेंट ३,०००; एकूण २७,०००. सर्वसमावेशक विम्यात टायरची भरपाई वाहनाच्या इतर भागाचे नुकसान त्याच वेळी झाले असेल तरच, आणि तीही निम्मी मिळते, म्हणजे ४,०००. धातूच्या भागांवर तीन ते चार वर्षांच्या गाडीस २५ टक्के घसारा कापतात. रिमचे ९,००० व आर्मचे ३,००० उरतात. मजुरी धरून १९,००० होतात आणि अनिवार्य वजावटीचे १,००० जाऊन हाती १८,००० पडतात. पण दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ शून्यावर येतो. दावा नसता तर पुढील नूतनीकरणास ४५ टक्के आणि नंतर ५० टक्के सूट मिळाली असती. आता ती शून्यापासून २०, २५, ३५, ४५ अशी पुन्हा चढावी लागेल. स्वतःच्या वाहनाच्या हानीपुरता हप्ता वर्षाला ९,००० रुपये धरला आणि तो स्थिर राहील असे मानले, तर पाच वर्षांत गमावलेली सूट एका हप्त्याच्या १२० टक्के, म्हणजे १०,८०० रुपये भरते. निव्वळ लाभ ७,२०० रुपयांचा. घसारा न कापणारी जोडपॉलिसी असेल तर आकडे थोडे सुधारतात, तिचा हप्ता मात्र वेगळा. थोडक्यात २७,००० च्या हानीपैकी जवळजवळ २०,००० रुपये मालकच सोसतो. रक्कम दिल्यावर पालिकेविरुद्धचा मालकाचा अधिकार विमा कंपनीकडे जातो हे तत्त्व ठाऊक असले, तरी १८,००० रुपयांसाठी ती दिवाणी न्यायालयात जाईल अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नव्हे.

अशा रीतीने नियम कोणताही असो, भार फिरून त्याच खांद्यावर येतो. हे टाळण्यासाठी इंग्लंडच्या १९६१ च्या कायद्याची संपूर्ण प्रतिकृती आणावयास हवी असे नाही. समित्यांची यंत्रणा न्यायालयाने घालून दिलीच आहे. महानगरपालिकांच्या अधिनियमांत दुरुस्ती करून त्याच समित्यांना ठराविक मर्यादेपर्यंतच्या वाहनहानीचे अर्ज ऐकण्याचा अधिकार द्यावा, खड्डा व हानी अर्जदाराने दाखविल्यावर तपासणीची नोंदवही पुढे करण्याचा भार पालिकेवर टाकावा, आणि दोषदायित्वाच्या कालावधीत पडलेल्या खड्ड्याची रक्कम कंत्राटदाराच्या अनामतीतून वळती करावी. अर्जाला मुदत सहा महिन्यांचीच ठेवली तरी चालेल. मात्र ती तक्रार-क्रमांकाच्या पावतीवर छापलेली असावी.